आठव्या गाण्यातला आवाज

आमच्या पहिल्या अल्बमची सात गाणी सॉनात, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या लाकडी खोलीत, गायलेली आहेत. यात नवल काही नाही. आमच्या केमी गावात, इथे उत्तरेकडच्या थंडीत, ज्याच्याकडे स्टुडिओ नसतो त्याच्याकडे सॉना असतोच, आणि गार सॉनाच्या लाकडी भिंतींत आवाज कसा नितळ भरला जातो. बाकीचं सगळं माझं. कागद कारखाना बंद होण्याआधी मी तिथे वायरमन होतो. रोलर, प्रेस, वाफेच्या झडपा, सगळ्यांचे आवाज मी तेव्हाच रेकॉर्ड करून ठेवले होते. त्यांवर ऑर्गन आणि व्हायोलिनं चढवायची आणि सगळ्याच्या वर माझी बायको, औती. आमचा बँड म्हणजे आम्ही दोघंच. ऐकणारे पाचपन्नास, त्यातले निम्मे नातेवाईक, असं तीच म्हणायची.

आठवं गाणं भरायच्या आधी, जुलैत, ती फुफ्फुसांच्या आजाराने गेली. गाण्याच्या बाराही ओळी तिने लिहून ठेवल्या होत्या. दुसऱ्या कुणाकडून गाऊन घे, असं जो तो मला सांगत होता. मला ते जमणार नव्हतं. तिच्यावाचून तो अल्बम म्हणजे नुसती यंत्रांची घरघर होती.

नोव्हेंबरात पितरांच्या शनिवारी माझी सासू लेम्पी आली. तिच्या माहेरची रीत अशी की आधी जिवंत माणसांनी अंघोळ उरकायची आणि मग उरलेली ऊब मेलेल्यांना सोडायची. बादलीत ताजं पाणी, बाकावर स्वच्छ टॉवेल. आत कुणी डोकावायचं नाही.

“आणि दाराला फट ठेव,” ती म्हणाली. “आलेल्याला परत जाताही आलं पाहिजे.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण भट्टीवरचे दगड निवताना टिक टिक वाजतात, तो आवाज मला आठव्या गाण्याच्या सुरुवातीला हवा होता. म्हणून सासूचं सगळं झाल्यावर मी दाराच्या आतल्या बाजूला, खाली, माइक ठेवला. समोरच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घुरघुर आत यायला लागली, तेव्हा सवयीने दार लोटून घेतलं.

रविवारी सकाळी हेडफोन लावले. दगडांची टिकटिक छान आली होती. मग लाकडी ओगराळं बादलीत बुडाल्याचा आवाज आला. दगडांवर पाणी पडलं. पाइपात हवा अडकली असेल, असं मी मनाशी म्हणालो. मग कुणीतरी श्वास घेतला आणि औतीने गाण्याची पहिली ओळ गायली.

ती ओळ मी गाण्यावर ठेवली. जागेवर अशी बसली की तसूभरही सरकवावी लागली नाही. मी रडलो, आणि आनंदाने रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दर शनिवारी मी सॉना तापवायचो, ऊब उतरू द्यायचो आणि दार घट्ट लावायचो. दर रविवारी एक ओळ मिळायची. पाचव्या ओळीत तिला मध्येच श्वास घ्यावा लागला. आठवीनंतर खोकला आला. तो खोकला मी इस्पितळात महिनाभर ऐकला होता. तरी पुढच्या शनिवारी मी लाकडं पेटवलीच. गाण्यासाठी म्हणत होतो, पण खरं तर मला तिला सोडायचं नव्हतं.

अकरा ओळी झाल्यावर लेम्पीला बोलावून ऐकवलं. वाटलं होतं, म्हातारीला बरं वाटेल. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“दार उघडं ठेवत होतास ना?”

“फ्रीज घुरघुरतो, म्हणून लावून घ्यायचो,” मी म्हणालो.

“यार्को, माझी पोर दमलीय रे.”

“आई, एकच ओळ राहिलीये.”

“राहू दे. कामाच्या घोड्यालाही संध्याकाळी सोडतात.”

त्या शनिवारी दुपारी मी सॉना तापवला आणि दार सताड उघडलं. अल्बम अकरा ओळींवरच काढायचा, असं ठरवलं. उंबऱ्याशी उभं राहून म्हटलं, “जा, औती. झालं काम.” माइक मात्र माझ्याने काढवला नाही. मी आणि लेम्पी स्वयंपाकघरात, दारासमोरच बसून राहिलो. काही दिसलं नाही. दार तसूभरही हललं नाही. सकाळीही ते सताड उघडंच होतं.

मग मी हेडफोन लावले.

आधी फ्रीजची घुरघुर. दगडांची टिकटिक.

मग फळ्यांवर ओली पावलं. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. चार मिनिटं तिथेच.

मग बिजागरी करकरली. फ्रीजची घुरघुर एकदम बंद झाली. दार आतून लावून घेतलं होतं.

पावलं माइकपाशी परत आली. तिने खोकला आवरला आणि दमलेल्या आवाजात विचारलं, “सुरुवातीपासून घेऊ का?”