पहिल्या अंकात संपणारं नाटक

नकार देणाऱ्या माणसाने निदान एवढी तरी सभ्यता पाळावी की पुन्हा तोंड दाखवू नये. दुर्गेश्वरी पटलेची एवढीच साधी अपेक्षा होती. पण त्या रविवारी गोंदियातल्या वाचनालयाचा जिना चढून ती वरच्या खोलीत आली, ओली छत्री कोपऱ्यात टेकवली, मान वर केली — तर समोर हेमेंद्र टेंभरे! तोच. मे महिन्यात आमगावला तिला ‘पाहायला’ आलेला, चिवड्यातले शेंगदाणे वेचून वेचून खाणारा, आणि दोन दिवसांनी नकार कळवणारा.

“तुम्ही... इथे?” तो उठून उभा राहिला.

“काऊन? तिकीट लागते का?”

खोलीत बसलेली मंडळी हसली. हेमेंद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुर्गेश्वरीच्या हे नेमकं लक्षात आलं, आणि ते लक्षात आलं याचाच तिला राग आला.

ती खोली म्हणजे ‘रूपचंद कट्टा’. रूपचंद कापगते यांनी झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांसाठी जन्मभर हसवणारी नाटकं लिहिली, मग मुंबईला जाऊन सिनेमेही लिहिले, आणि जगातून जाताना अख्ख्या मुलखाला हसायची सवय लावून गेले. त्यांचे चाहते महिन्यातून एका रविवारी इथे जमत, एकेक नाटक किंवा सिनेमा घेऊन बसत आणि चहा संपेपर्यंत भांडत. निवृत्त शिक्षक उदाराम गुरुजी भांडण सोडवायला असत, पण बहुतेक वेळा तेच काडी टाकत.

रिकामी खुर्ची एकच होती. अर्थात त्याच्याच शेजारी. नशीब असंच हात धुऊन मागे लागतं.

“आज कोणाला काय आवडते ते सांगा,” गुरुजी म्हणाले. “हं, हेमेंद्रबाबू?”

“सासरा पळाला शंकरपटाला,” हेमेंद्र म्हणाला. “दुसरं नावच नाही.”

दुर्गेश्वरीने डोळे मिटले. मे महिन्यातली ती दुपार पुन्हा तिच्यासमोर आली. अंगणातल्या आंब्याखाली दोघांना बोलायला म्हणून बसवलं होतं. तुम्हाला काय आवडतं, असं त्याने विचारलं, आणि रूपचंदभाऊंची नाटकं, असं तिने सांगितलं, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठलाच होता. मग याच नाटकावरून अशी काही जुंपली दोघांची, की आवाज ओसरीपर्यंत गेला. आतून माय दोनदा डोकावून गेली. चहावर साय आली. आणि दुर्गेश्वरीला वाटलं होतं — आता लपवण्यात काय अर्थ आहे — तिला वाटलं होतं की बस्स, हाच. आयुष्यभर भांडायचं तर याच्याशीच.

आणि मग नकार. मुन्नालालमामा मध्यस्थ होता, तो स्वतः येऊन सांगून गेला होता, ‘पोराकडून नाही म्हणून राहिले.’

“तुमचं काय म्हणणं आहे, बाई?” गुरुजींनी विचारलं.

“डोकं उठवणारं नाटक आहे,” दुर्गेश्वरी म्हणाली. “नवरदेवाले वाटते नवरी पळाली, नवरीले वाटते नवरदेव पळाला. पळाला असते सासरा! मांडवातली बैलजोडी घेऊन शर्यतीले. आणि तीन अंक सारं गाव धावते. अरे, एकानं दुसऱ्याले एक सवाल विचारला असता, तर नाटक पहिल्याच अंकात संपलं असतं!”

“मग उरलेले दोन अंक लोकांनी काय करायचं?” हेमेंद्र म्हणाला. “घरी जाऊन झोपायचं?”

“झोपलेलं बरं.”

“माणसं विचारत नाहीत, मॅडम. मान आडवा येतो.” तो समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होता. “रूपचंदभाऊंना ते ठाऊक होतं.”

“शहाणी माणसं विचारतात.”

“आली मोठी शहाणी!” तो पुटपुटला, आणि इतक्या हळू पुटपुटला की तिला हसूच आलं. तिने ते खोकल्यात लपवलं.

त्या दिवसापासून तिच्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो काही उतरेना. दुर्गेश्वरी गोंदियातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला; आमगावहून रोज गाडीने ये-जा. दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचायच्या आणि थोराड माणसांची रडगाणी ऐकायची, त्यामुळे कोणाचं काही मनावर न घेण्याचा तिला सराव होता. पण हा माणूस! नकार दिला ना? मग गप्प बसावं. ते नाही. कट्ट्यावर तिच्यासाठी रुमाल टाकून खुर्ची धरून ठेवायची. गरम फुटाण्यांची पुडी तिच्याकडे सरकवायची, तीही न बघता, जणू पुडी आपोआप चालत आली. बिरसीच्या विमानतळावरची ड्युटी संपवून कुडव्याला घरी जाण्याऐवजी उलट्या वाटेने स्टेशनवर यायचं आणि म्हणायचं, “इकडं काम होतं जरा.”

“कोणतं काम?”

“असंच... स्टेशनकडचं.”

आणि बोलायचं काय, तर नाटक! ‘दोन खोल्या, तीन नवरदेव’मधली नायिका तिला आवडायची, कारण ती बाई तोंडावर बोलते. त्याला ती उद्धट वाटायची. ‘चुकीच्या मांडवात’ हा सिनेमा त्याने अनेकदा पाहिला होता; तिच्या मते त्यात फक्त घोडा बरा होता. सकाळी उठून मोबाइल बघावा तर त्याचा संदेश. तिला धडकी भरायची, की आज काहीतरी... आणि उघडून बघावं तर, ‘घोड्याबद्दल विचार केला. तुमचं बरोबर आहे.’

घोडा! तिला मोबाइल उशीखाली कोंबून किंचाळावंसं वाटायचं.

कधीकधी तो मधेच विचित्र बोलायचा. “तुम्हाला कुठं काय पसंत पडतं!” असं म्हणायचा. ती समजायची, नाटकाबद्दल बोलतोय.

विचारावं का? कितीदा ओठांवर आलं होतं. ‘का हो, नाही का म्हणालात?’ एवढंच. पण कसं विचारणार? आपणच जाऊन आपल्या नकाराचं कारण मागायचं? ‘मुलगी सावळी आहे’ म्हणाला तर? ‘फार बोलते’ म्हणाला तर? पटलेंची पोर एवढी हलकी नव्हती. मग ती फुटाणे खायची आणि घोड्यावर बोलायची.

कार्तिक लागला. मंडयांचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस आले, घरोघरी पाहुणे आणि पाहुण्यांच्या तोंडी स्थळं. मुन्नालालमामाने बालाघाटचा मुलगा आणला; बँकेत नोकरी, घरची शेती, तोंडात सुपारी नाही. सोमवारी ते लोक बघायला येणार होते, आणि पसंती झाली तर तिथेच साक्षगंधाची तारीख काढायची, असं बाबूजींनी ठरवूनच टाकलं होतं. आदल्या दिवशी, रविवारी, कट्टा सुटल्यावर ती नेहमीच्या गाडीसाठी फलाटावर उभी होती. शेजारी हेमेंद्र. अर्थातच ‘स्टेशनकडचं काम’.

“उद्या मला बघायला येऊन राहिले,” ती म्हणाली. “बालाघाटवाले.”

हेमेंद्रच्या हातातली पुडी तशीच राहिली. फलाटावरून एक मालगाडी धडधडत गेली, लांबच लांब, संपता संपेना. तो तिचे डबे बघत राहिला.

“बरं आहे,” तो शेवटी म्हणाला. “चांगलं आहे... यावेळी तरी हो म्हणा.”

“यावेळी तरी?” दुर्गेश्वरीचा आवाज चढला. “मागच्या वेळी कोण नाही म्हटलं होतं?”

“तुम्ही.”

“मी?”

“मग काय मी?”

“तुम्हीच तर! मुन्नालालमामा स्वतः घरी येऊन सांगून गेला!”

हेमेंद्र तिच्याकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, “आमच्या घरी पण मुन्नालालमामाच आला होता... मुलीकडून नकार आहे म्हणून.”

मग हेमेंद्रच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. खांदे हलले. तो हसायला लागला — अगदी पोट धरून. दुर्गेश्वरीच्या मात्र डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“हसू नका! एवढे महिने... काऊन नाही विचारलं तुम्ही?”

“तुम्ही काऊन नाही विचारलं? शहाणी माणसं विचारतात ना?”

“मग आता विचारा!”

हेमेंद्रचं हसू थांबलं. त्याने तोंड उघडलं. मिटलं. इकडे तिकडे पाहिलं. एक पाववाला, दोन म्हाताऱ्या, एक झोपलेला कुत्रा.

“गाडी...” तो म्हणाला. “गाडी आली तुमची.”

आली होती खरी. दुर्गेश्वरी चढली आणि मागे वळूनही न बघता आत जाऊन बसली. आमगाव येईपर्यंत ती मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होती, आणि उतरताना तिने ठरवून टाकलं की बालाघाटच्या माणसाला रूपचंदभाऊ माहीत नसले तरी चालेल. उलट बरंच.

सकाळी आभाळ भरून आलं. कापलेल्या धानाचं रचलेलं पुंजणं शेतात उघड्यावर होतं, म्हणून पाहुण्यांची तयारी तशीच टाकून सगळं घर बांधीवर धावलं. बाबूजी म्हणजे घनश्याम पटले ताडपत्री ओढत होते, माय दगड आणून देत होती, दुर्गेश्वरी दोरी सोडवत होती आणि मुन्नालालमामा नव्या धोतराला चिखल लागू नये म्हणून लांब उभा राहून सूचना करत होता. तेवढ्यात रस्त्यावर दुचाकी थांबली. हेल्मेट घातलेला एक माणूस शेताच्या अरुंद धुऱ्यावरून घसरत, सावरत, पुन्हा घसरत त्यांच्याकडे येऊ लागला.

“कोण होय तो?” बाबूजींनी विचारलं, पण उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. “ये बापा, कोणी असशील तो! ते टोक धर!”

हेमेंद्रने हेल्मेट काढलं, खाली ठेवलं आणि टोक धरलं. थेंब पडायला लागले. वारा ताडपत्रीत शिरला आणि तो दोन पावलं फरफटत गेला, पण त्याने टोक सोडलं नाही.

“काकाजी, मी हेमेंद्र टेंभरे. कुडव्याचा,” तो ओरडून म्हणाला. “मी नकार दिला नव्हता!”

“काय?”

“मे महिन्यात! मी नकार दिला नव्हता. तुमच्या पोरीनंही दिला नव्हता. मामांना विचारा!”

सगळ्यांच्या माना मुन्नालालमामाकडे वळल्या. पावसात उभ्या उभ्या मामाला घाम फुटला.

“म्हणजे... असं होय जी,” तो म्हणाला. “दोघं आंब्याखाली कुत्र्यामांजरावानी भांडून राहिले होते. मले वाटलं, हे काही जमत नाही. मंग कोणालेच ‘नाही’ म्हणाचं पाप नको, म्हणून मीच दोघायले...”

“मामा!” दुर्गेश्वरी ओरडली.

“मी मान राखाले गेलो, बाई! दोघायचाही!”

बाबूजींनी हातातला दगड एकदा मामाकडे बघून, मग नाइलाजाने ताडपत्रीवरच ठेवला. हेमेंद्र आता दुर्गेश्वरीकडे वळला. केस कपाळाला चिकटलेले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात ते टोक.

“काल विचारायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “जीभच उचलली नाही. फलाटावरून घरी गेलो आणि... मला तुमच्याशिवाय काही गोड लागत नाही. नाटकसुद्धा. मे महिन्यापासून असंच चालू आहे. माझ्याशी लग्न करता का?”

दुर्गेश्वरीकडे पाच-सहा महिन्यांचं साठवलेलं भांडण तयार होतं, आणि त्यातला एकही शब्द सापडेना. ती नुसती दोरीची गाठ मारत राहिली. ती गाठ मारून झाली होती, तरी मारत राहिली.

“अरे, पण बालाघाटवाले!” माय म्हणाली. “ते आता निघत असतील ना घरून!”

“मी सांगून देतो त्यायले,” मामा लगबगीने म्हणाला.

“तू तोंड उघडू नको!” बाबूजी गरजले. “एक शब्द नाही!”

दुर्गेश्वरीने ओले हात ओढणीला पुसले आणि बाबूजींच्या खिशातून मोबाइल काढून घेतला. ताडपत्रीच्या आडोशाला वाकून तिने नंबर लावला. सगळे तिच्याकडे बघत होते.

“नमस्ते काकाजी. मैं आमगाँव से दुर्गेश्वरी बोल रही हूँ... जी, वही. काकाजी, आप लोग मत निकलिए. माफ करना, गलती हमारी है... मेरी शादी तय हो गई.” ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. “कब? अभी. अभी-अभी, काकाजी. खेत में.”

तिने मोबाइल बाबूजींच्या हातात दिला. बाबूजींनी तो कानाला लावला आणि माफी मागत मागत ते लांब गेले. माय डोळ्यांना पदर लावून हसत होती.

हेमेंद्र अजून तसाच उभा होता. वारा पडला होता, दगड ठेवून झाले होते, तरी टोक त्याच्या मुठीत घट्ट होतं.

“म्हणजे...” तो म्हणाला, “म्हणजे हो का?”

“आता हेपण विचारावं लागते का?”

“विचारलेलं बरं.”

दुर्गेश्वरीने त्याच्या मुठीतून ताडपत्रीचं टोक सोडवून घेतलं. त्यासाठी तिला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली, आणि ती थंडगार बोटं तिने मग लवकर सोडली नाहीत.

“हो,” ती म्हणाली. “हो, हो, हो. झालं समाधान?”