पहिला हंडा

सरजाबाई खुर्चीत बसल्याच नाहीत. ज्योत्स्नाताईंच्या टेबलापुढं उभ्या राहूनच त्यांनी सांगितलं, "माझी सून टाकीखाली मेली, अन् टाकीचा ठेकेदार म्हणून माझ्याच लेकाला धरून नेलं."

आदिनाथच्या हातातला चहा तसाच राहिला. नांदेडच्या त्या दोन खोल्यांच्या डिटेक्टिव्ह एजन्सीत तो मदतनीस होता, ड्रायव्हर होता आणि स्वतःच्या मते ताईंचा उजवा हातही होता. भावानं भावाला फसवल्याच्या भानगडी रोजच्याच. पण हे म्हणजे अतीच झालं!

अर्धापूरजवळच्या त्यांच्या गावात पाण्याची नवी टाकी उभी राहिली होती. पहिल्यांदा भरली त्याच सकाळी ती कोसळली. खाली हंडा घेऊन दिपाली उभी होती, सरजाबाईंची सून. कागदोपत्री ठेकेदार निघाला दिपालीचाच नवरा, प्रीतम. आणि प्रीतमचा धंदा काय, तर दुकानांचे बोर्ड रंगवायचे.

"टाकी त्यानं बांधली?" ताईंनी विचारलं.

"त्याला घरचा ओटा लिंपता येत न्हाई, बाई."

"मग पोलिसांना तसं सांगत का नाही?"

"जेलात भेटले तर एकच बोलला. तिच्या माहेरचं आता आणखी कुणी कमी व्हायला नको, म्हणला. अन् लई रडला."

बिचारा दुःखानं भ्रमिष्ट झाला असणार, असं आदिनाथला वाटलं. ताईंनी मात्र पुढचं विचारलं. "दिपाली त्या वेळी तिथं कशी?"

"सकाळी तिला फोन आला. पहिला हंडा माझाच, म्हणत हरखून पळाली. पायात चप्पलसुद्धा घातली न्हाई." इतकं बोलून सरजाबाई मटकन खाली बसल्या. "लेक सुटला न्हाई तर माझ्या घराला कुलूपच लागलं समजा."

त्या गेल्यावर ताईंनी कॉम्प्युटर उघडला. धंद्याची सरकारी नोंद करताना प्रत्येक कामाला पाच आकडी कोड द्यावा लागतो. विटा पाडणाऱ्याचा वेगळा, पिठाच्या गिरणीचा वेगळा. लोक त्याकडं ढुंकून बघत नाहीत, पण सरकारी ठेकेदार हुडकायचा तर ताई तिथूनच सुरुवात करायच्या.

"हे बघ आदिनाथ. टेंडरची अट आहे, टाकी बांधणारी आणि पाणी वाचवायचे बोर्ड रंगवणारी फर्म एकच पाहिजे. दोन्ही कोड नोंदीवर पाहिजेत."

"असली कसली अट?"

"तेच तर! नांदेड-लातूर दोन्ही जिल्हे चाळले. टाकीवाले ढीगभर, बोर्डवाले थोडे. दोन्ही कोड असलेली फर्म एकच. प्रीतमची."

"म्हणजे पोरगं दिसतं तसं साधं नाही तर!" आदिनाथ म्हणाला. ताई नुसत्या हसल्या. हे कोडांचं कुणापाशी बोलायचं नाही, अशी त्यांनी ताकीद दिली.

अर्धापूरच्या नरसिंगचं ऑनलाइन सेंटर होतं. प्रीतमची नोंद त्यानंच केली होती. "बोर्डाचा कोड जुना हाय," तो म्हणाला. "टाकीचा मागून घातला. टेंडर तर त्याच्याही नंतर निघालं. प्रीतमला कोडाचं काही समजत नव्हतं. त्यानं फोन माझ्या कानाला लावला. पलीकडच्या माणसानं पाची आकडे तोंडपाठ सांगितले. अडखळला न्हाई की थांबला न्हाई."

"कोण होता?"

"नाव न्हाई ठाऊक. थोराड आवाज. पुन्हा ऐकला तर वळखीन."

आदिनाथनं मनातल्या मनात खुनी ठरवूनसुद्धा टाकला. लातूरचा शेषेराव! टाकी त्याच्याच माणसांनी बांधली होती, असं गावात कळलं होतं. दुपारी गाडी लातूरला.

शेषेराव झोपाळ्यावर सुपारी कातरत होता. "पेटी ठेका हाय माझा," तो म्हणाला. "काम दुसऱ्याच्या नावावर, बांधायचं मी. वरच्यानं अर्धा पैसा ठेवून घेतला, मी अर्ध्याची टाकी बांधली. अर्धी टाकी उभी राहती का कधी?" आणि तो चक्क हसला. आदिनाथला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"वरचा म्हणजे कोण?"

"मधल्या माणसांतून समदं चालतं. विचारायचं नसतं."

"तुमच्या फर्मचे कोड कोणते?"

"कोड-बीड पोरगी बघती. मला बिल तेवढं कळतं."

परत येताना आदिनाथ शेषेरावाला शिव्या घालत होता. दुसऱ्या दिवशी ताई दिपालीच्या वडिलांना, लिंबाजींना भेटायला नांदेडातल्या त्यांच्या घरी गेल्या. भिंतीवर लेकीचा हार घातलेला फोटो, शेजारी त्यांच्या सेवानिवृत्तीचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले साहेब त्यांना शाल देत होते. गेल्याच वर्षीचा. जन्मभर लोकांना पाणी पाजलं आणि पाण्याच्याच टाकीनं लेक नेली, या विचारानं आदिनाथला भडभडून आलं.

"फाशी द्या त्या जावयाला!" लिंबाजी म्हणाले. "ते ठेकेदार हायेत हे मला टाकी पडल्यावर कळलं. आधी कळतं तर लेकीला घेऊन आलो असतो. नुसता बोर्ड रंगवायचा कोड होता. नरसिंगच्या सेंटरात बसून टाकीचा घालून घेतला, अन् झाले ठेकेदार!"

ताईंनी मान हलवली. नमस्कार केला आणि निघाल्या.

संध्याकाळी त्या पुन्हा त्याच घरी आल्या, या वेळी सरजाबाईंना घेऊन. लिंबाजींच्या कपाळावर आठी पडली. ताईंनी मोबाइल टेबलावर ठेवला.

"लिंबाजीराव, टेंडरची अट म्हणजे कुलूप," ताई म्हणाल्या. "हे कुलूप एकाच किल्लीनं उघडत होतं, आणि किल्ली आधी घडवली, कुलूप मागून. मग दोन्ही घडवणारा एकच. शेषेरावाला स्वतःचाच कोड सांगता येत नाही. फोनवरच्या माणसाला मात्र तो तोंडपाठ होता. असा माणूस कचेरीत बसून टेंडरच्या अटी लिहितो."

"कचेरीत छप्पन्न माणसं असतात."

"असतात. पण टाकी पडेपर्यंत मला काही माहीत नव्हतं म्हणणाऱ्या माणसाला, टाकीचा कोड मागून घातला आणि तोही नरसिंगकडं, हे कसं कळलं? आम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीत असताना स्वतःच्या नावावर ठेका घेता येत नाही, म्हणून तुम्ही जावयाचं नाव वापरलं. सासऱ्यांनी सही मागितली, त्यानं दिली. तिच्या माहेरचं आणखी कुणी कमी नको, असं तो म्हणतो. दिपालीच्या माहेरी आता तुमच्याशिवाय आहे कोण?"

"खोटं! साफ खोटं हाय हे!" लिंबाजी ओरडले.

टेबलावरच्या मोबाइलमधून नरसिंग बोलला. "ताई, ह्योच आवाज. पाच आकडे सांगणारा."

आदिनाथ तोंडात मारल्यासारखा उभा होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि तो सकाळी या कुंपणासाठी डोळे पुसत होता!

लिंबाजी भिंतीला टेकून खाली बसले. "शेषेराव इतका पैसा खाईल, असं वाटलं न्हाई..."

"अर्धा तुम्हीच ठेवलात," ताई म्हणाल्या. "आणि प्रीतमला फाशी कशाला मागत होता?"

"ते अडकले की चौकशी तिथंच थांबली असती." हे ते अगदी साध्या आवाजात बोलले. मग लेकीच्या फोटोकडं बघून त्यांचा चेहरा पिळवटला. "त्या सकाळी फोन मीच केला होता तिला. आज टाकी भरून राहिली, पहिला हंडा तुझा, म्हणालो. बापाची टाकी होती ना. लेकीनं मिरवावं वाटलं."

सरजाबाई पुढं झाल्या. "माझं पोरगं तुमच्यासाठी जेलात सडून राहिलं," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही त्याच्या गळ्याला दोर मागत होता."

 लिंबाजींनी हातानंच पाणी मागितलं.

सरजाबाई आत गेल्या. तांब्या भरून आणला आणि लिंबाजींच्या पुढ्यात ठेवला.

"प्या, पाहुणे. पहिला हंडा लेकीला दिलात. हे तुमच्या वाट्याचं."

पोलिसांची गाडी येईपर्यंत लिंबाजी त्या तांब्याकडं बघत बसले. त्यांनी एक घोटही घेतला नाही.