खाली ठेवलेली कॉफी

माझ्या ताईने एका परक्या माणसाच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा काढली, आणि तो माणूस तिथेच तिच्या प्रेमात पडला. मी हे बनवून सांगत नाहीये. मी होते तिथे! पिकअपमध्ये, मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन.

आम्ही वाळवंटातल्या कुवैऱ्याच्या बाजारातून घरी चाललो होतो. गाडी हनादीताई चालवत होती. ती आमच्या मुलींच्या शाळेत केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे मला तिला घरी ताई म्हणावं लागतं आणि शाळेत मिस हनादी. ओरडा दोन्हीकडे सारखाच मिळतो. हमरस्ता सोडून आम्ही गावाकडे वळलो, तर एक पांढरी जीप पोटापर्यंत वाळूत रुतलेली. शेजारी उन्हाने टोमॅटो झालेला एक उंच माणूस फावड्याने वाळू उपसत होता. एक फावडं बाहेर, दोन फावडी परत आत.

ताईने गाडी थांबवली.

"ताई, बाबांना कळलं तर..."

"बाबा असते तर त्यांनीही थांबवली असती."

त्या माणसाने फावडं टाकलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "भगिनी, आपणांस शांती लाभो. माझे वाहन दुर्दैवाने वाळूत रुतले आहे. आपणांकडून साहाय्याची अपेक्षा करणे उचित ठरेल काय?"

मी ट्रे घट्ट धरला, नाहीतर सगळी अंडी गेली असती. असं अरबी कोणी बोलतं का? असं टीव्हीवरच्या बातम्यांत बोलतात आणि आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात. नंतर कळलं की तो लहानपणी मदरशात पुस्तकांतून अरबी शिकला होता, आणि ते तसंच्या तसं आमच्या वाळवंटात घेऊन आला होता.

ताईचा चेहरा मात्र हलला नाही. "चाकांत हवा किती आहे?"

"संपूर्ण. सुरक्षिततेसाठी काठोकाठ भरून घेतली आहे."

"तेच तर." ती खाली बसली, पर्समधून पेन काढलं आणि त्याचं टोक पुढच्या चाकाच्या नळीत खुपसलं. फुस्स...

"भगिनी! हे आपण काय करीत आहात?"

"हवा काढतेय."

"परंतु... माझा अपराध?"

"टणक चाक रुततं. बसकं चाक पसरतं, मग वाळूवर चालतं. कुठले तुम्ही?"

"बोस्निया. सारायेवो."

"तिथे वाळू नाही?"

"तिथे बर्फ आहे."

"मग बर्फात रुतलात की काय करता?"

त्याने जरा विचार केला. "बर्फात आम्ही घरी बसतो."

आणि ताई हसली! माझी ताई, जिला हसवायला आमचा अख्खा अकरावीचा वर्ग सहा महिने धडपडतोय, ती चाकाजवळ उकिडवी बसून हसली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पटकन चाकाकडे पाहिलं. मग परत...

"माझे नाव नेर्मिन," तो म्हणाला.

आता मीच हसले. आमच्या वर्गात दोन नेर्मिन आहेत, आणि दोघी वेण्या घालतात.

"मला ज्ञात आहे," तो खिन्नपणे म्हणाला. "विमानतळावर मला न्यायला आलेला मनुष्य पुष्पगुच्छ घेऊन आला होता."

जीप पहिल्याच झटक्यात वाळूतून निघाली. तो खिडकीतून मागे बघत हात हलवत राहिला आणि परत रुतता रुतता वाचला.

तो जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या एका परदेशी कंपनीत इंजिनियर होता. त्यांचा कॅम्प आमच्या गावापलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी. पुढच्याच आठवड्यात त्यांचं पाणी तपासायचं यंत्र बिघडलं. (खरंच बिघडलं होतं, मी मागाहून खोदून खोदून विचारलं.) नवीन यायला दोन महिने लागणार होते. मुख्याध्यापिकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत तपासायची परवानगी दिली, पण पुरुषाने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे तो फाटकाशी बाटल्या ठेवायचा, मी त्या प्रयोगशाळेत न्यायची आणि ताईचा कागद परत आणून द्यायची. म्हणजे सगळं माझ्या हातून गेलंय. मी वाचणार नाही का?

बाटलीवर चिठ्ठी असायची. 'बोअर सात. खोली दोनशे दहा मीटर.' आणि खाली बारीक अक्षरात, 'आज वारा फार आहे. आपण पिकअप सावकाश चालवावी.'

ताईच्या कागदावर उत्तर. 'क्षार जास्त. काळजी त्याहून जास्त.'

पुढची बाटली. 'बोअर नऊ. हे पाणी काल मी चाखले. गोड वाटले. यंत्र काय म्हणते?'

'यंत्र म्हणतं, चवीवर विश्वास ठेवू नये.'

'आणि आपण काय म्हणता?'

या कागदावर ताईने काहीच लिहिलं नाही. नुसता आकडा. पण त्या दिवशी तिने आमची तोंडी परीक्षा घेतली आणि सगळ्यांना पास केलं.

दर गुरुवारी मधल्या सुट्टीत तो फाटकाबाहेर आणि ताई फाटकाआत, अशी दोन मिनिटं बोलणी व्हायची. मध्ये गज, आणि गजाला चिकटून मी.

"आपण कुशल आहात ना?"

"अहो, 'बरंय ना?' म्हणा. आपण कुशल आहात ना म्हटलं की मला वाटतं, मी कोणी मंत्री आहे."

"बरंय... ना?"

"बरंय. तुमचं?"

"माझंही बरंय." तो इतका खूश झाला, जणू बोअरला पाणी लागलं. "आता ठीक बोललो?"

"पोपटासारखं."

"पोपट हा स्तुतीचा शब्द आहे?"

"आज आहे," ताई म्हणाली आणि ओढणी सारखी करत निघून गेली. तिची ओढणी आधीच सारखी होती.

असे दोन महिने गेले. मग एका बुधवारी बाटलीवर चिठ्ठी आली. 'बोअर अकरा. शेवटचा नमुना. करार संपला. रविवारी विमान.'

ताईने ती वाचली आणि चंचुपात्रं धुवायला घेतली. आधीच धुतलेली. इतक्या जोरात की एक फुटलं.

"ताई, काहीतरी बोल ना त्याला!"

"काय बोलू? आपल्याकडे मुलगी मागायला माणसं येतात, रहफ. मुलगी फाटकाशी जाऊन मागत नाही."

"पण त्याला कुठे माहितीये कसं मागतात ते?"

"तेच ना." तिने काच गोळा केली. तिने चुलत्यांकडची दोन स्थळं नाकारली होती, आणि तिसऱ्या वेळी बाबा ऐकून घेणार नाहीत हे आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. आणि हा रविवारी गेला की गेला. सारायेवोहून कोण परत येतं आमच्या वाळूत?

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ती एवढंच म्हणाली, "निघालात म्हणे."

"करार संपला."

"मग जा."

"तुम्ही 'जा' म्हणता..."

"मग काय करू? पुन्हा चाकांतली हवा काढू?"

त्याने गज धरला. मग म्हणाला, "तुमच्या वडिलांचा निरोप घ्यायला उद्या आलो तर चालेल?"

"पाहुण्याला कोण नको म्हणतं?" ताई म्हणाली. पण तिचा आवाज असा होता की मी गजावरचा रंग खरवडायला लागले.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तो आला. बैठकीत बाबा, रकानकाका आणि दोन शेजारी. मी आणि ताई स्वयंपाकघराच्या दाराआड. आई आमच्या मागे, "हे काय वागणं?" असं म्हणत आमच्यापेक्षा जास्त वाकून बघणारी.

बाबांनी स्वतः कॉफी ओतली. आमची कॉफी म्हणजे बिनकानाच्या इवल्याशा कपात दोन घोट, कडू, वेलदोड्याची. घ्यायची, प्यायची, कप परत द्यायचा. नेर्मिनने कप घेतला, आभार मानले... आणि समोरच्या चौरंगावर ठेवून दिला. न पिता.

रकानकाकांच्या हातातली जपमाळ थांबली. ताईने माझं मनगट इतकं आवळलं की तिच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते.

कारण आमच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, तर त्याचा अर्थ एकच. तो काहीतरी मागायला आलाय, आणि ते मिळाल्याशिवाय पिणार नाही. हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. आणि आमच्या देशात दहा महिने काढलेल्या या माणसाला ठाऊक नव्हतं! कामावर त्याने कॉफी नेहमी उभ्याउभ्या घेतली होती, कप ठेवायला जागाच नव्हती. आणि त्याच्या देशात कॉफी घटकन पिणं म्हणजे उठायची घाई दाखवणं. कप समोर ठेवून तासभर गप्पा मारणारा, तो चांगला पाहुणा. बिचारा सभ्यपणा करत होता.

बाबांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. ताठ बसले. "पी, बाळा. गावाला पाणी आणलंस तू. जे मागशील ते माझ्या हातात असेल तर दिलं समज."

"मागायचं?" नेर्मिन गोंधळला. "मला काही नको. मी तर... कॉफी थंड होतेय."

शेजारी फिसकन हसले. रकानकाका तर उशीवर आडवेच झाले. "अरे बाबा! आमच्याकडे कप खाली ठेवतो तो मागणं घेऊन आलेला असतो. उंट, जमीन, माफी... पण बहुतेक वेळा मुलगी!" आणि परत हसले. "घाबरवलंस रे आम्हाला. उचल, उचल. पिऊन टाक."

माझ्या मनगटावरचा ताईचा हात सुटला. मी तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. त्या एका मिनिटात तिनेही खरं मानलं होतं, आणि आता ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. तिचं नाक लाल व्हायला लागलं होतं.

बैठकीत नेर्मिन कपाकडे बघत होता. कानांपासून मानेपर्यंत लाल. त्याने हात पुढे केला. कपाला बोटं लावली... आणि हात मागे घेतला. परत मांडीवर ठेवला.

"मग," तो म्हणाला, "राहू दे तो खाली."

हे त्याने अगदी आमच्यासारखं म्हटलं. एकही पुस्तकी शब्द नाही.

काका हसायचे थांबले. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, आणि मी मनात मोजायला लागले. एक, दोन... अकरापर्यंत गेले.

"कोण?" बाबांनी विचारलं. जसं काही आमच्या घरात लग्नाच्या वयाच्या चार मुली होत्या!

"मिस हनादी."

"शब्द तर दिलाय मी," बाबा हळूच म्हणाले. आई मागे पुटपुटली, "देवा रे." बाबा उठले. "पण मी म्हणालो, माझ्या हातात असेल तर. ती माझ्या हातात नाही. ती तिच्या हातात आहे."

ते दाराशी आले. आम्ही तिघी कांदे चिरत असल्यासारख्या उभ्या राहिलो. कांदे नव्हते.

"ऐकलंस?" बाबांनी ताईला विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

ताईने ओढणी सारखी केली. "बाबा, त्यांना सांगा, असं एकट्याने येऊन मागतात का? माणसं घेऊन या म्हणावं."

बाबांच्या मिशा हलल्या. इतकंच.

पुढच्या शुक्रवारी तो माणसं घेऊन आला. विमानाचं तिकीट त्याने कधीच रद्द केलं होतं. गाववाला नाही, नातेवाईक नाही, मग आणणार कुणाला? तीन गाड्यांतून उतरले कोण, तर पेशावरचे पंक्चरवाले मुश्ताकचाचा, कडक इस्त्रीच्या सलवार-कमीजमध्ये, बेकरीतले दोन इजिप्शियन भाऊ, आणि कॅम्पचा नेपाळी स्वयंपाकी, ज्याला अरबीत फक्त 'मीठ' आणि 'संपलं' येतं. शिवाय फोनवर त्याची आई, सारायेवोहून, आधीपासूनच रडत.

वयाने मोठे म्हणून मुश्ताकचाचांनी बाबांशी बोलणी केली. "अबू नायफ, आमच्या मुलासाठी तुमची मुलगी मागायला आलोय."

"तुमचा मुलगा?" रकानकाकांनी भुवई उडवली. "तुम्ही पेशावरचे, तो बोस्नियाचा."

"दहा महिने एका ताटात जेवलोय," चाचा म्हणाले. "परदेशात एवढं नातं पुरतं."

काकांची भुवई खाली आली. बाबांनी कामाचं विचारलं. नेर्मिनने सांगितलं, बोअरच्या देखभालीची दोन वर्षांची जागा कुणालाच नको होती, पगार कमी म्हणून. त्याने घेतली. मग दुआ झाली, आणि सगळ्यांनी एकदमच कॉफी प्यायली, स्वयंपाकी सोडून. त्याला ती फार कडू लागली.

मोठे जेवायला बसल्यावर त्या दोघांना अंगणात पाच मिनिटं मिळाली. सोबतीला अर्थात मी. मी अगदी शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड केलं. कान मात्र जिथल्या तिथेच असतात ना!

"खूश?" त्याने विचारलं.

"बाबांनी मला विचारलं. काकांनी विचारलं. पेशावरच्या चाचांनीही विचारलं," ताई म्हणाली. "तुम्ही कुठे विचारलंत?"

वाऱ्याने अंगणातली वाळू माझ्या चपलांवर आणून टाकली.

"हनादी," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं हनादी. "माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," ताई म्हणाली. "पण सुट्टीत. पुढच्या महिन्यात मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा आहे." मग मोठ्याने, "आणि रहफ, तुला ऐकू येतंय हे मला माहितीये. आत जा!"

मी गेले. पण पाठमोरी, हळूहळू, एकेक पाऊल टाकत.