माय काही बोलेना

“अरे, माय मशीन आहे मशीन! तिच्यात देवबीव काही नाय!”

बोईसर स्टेशनवरून एमआयडीसीकडे निघालेल्या शेअर रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा आत आणि अर्धा बाहेर बसलेला एक मुलगा फोनवर कुणाशी तरी तावातावानं भांडत होता. ड्रायव्हरनं एकदोनदा त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग मात्र त्याला राहवलं नाही.

“भाईसाब, माँ के बारे में ऐसा नहीं बोलते.”

मागच्या सीटवर दोन बायकांच्या मध्ये चेपून बसलेली मी खुदकन हसले. मुलानं मागे वळून पाहिलं. कपाळावर घाम, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि डोळे असे की भांडण अजून संपलेलं नाही.

“तुम्ही पण बघता? ‘शेवटचं बंदर’?”

“बघते,” मी म्हटलं. “आणि माय मशीन नाहीये.”

झालं! एमआयडीसीचा नाका येईपर्यंत त्यानं मला बोलू दिलं नाही आणि मी त्याला. उतरल्यावरही तो माझ्याबरोबर चार पावलं उलट्या दिशेनं आला. शेवटी मलाच सांगावं लागलं, “अहो, मला उशीर होतोय. बाकीचं भांडण उद्या.”

“उद्या नक्की?” तो म्हणाला... आणि दिवसभर लॅबमध्ये माझ्या हातातल्या नळ्या उगाच किणकिणत राहिल्या.

त्याचं नाव ललित. मुरब्याचा, मासेमारीच्या घरातला, पण स्वतः कारखान्यात यंत्रांची मापं तपासणारा. मी भाविका, माहीमची. मुंबईचं नव्हे, पालघरचं माहीम. हे मला आयुष्यभर सांगावं लागणार आहे. औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते, आणि उरलेल्या वेळात काळजी करते. काळजी हा माझा मुख्य धंदाच म्हणा ना. कुणाचा मेसेज उशिरा आला, की त्यामागचं कारण मी लगेच रचून मोकळी होते, आणि ते कारण कधीच चांगलं नसतं.

अशा मुलीला ‘शेवटचं बंदर’ चढलं नसतं तरच नवल. पृथ्वी पाण्याखाली गेल्यावर उरलेली माणसं एका अवाढव्य यानातून नवं घर शोधायला निघतात, अशी ती मालिका. यानाच्या पोटात एक गाभारा आहे. त्यात माय. मूर्ती नाही, चेहरा नाही, फक्त दोन दिवे. माणसं प्रश्न विचारतात. उजवा दिवा उजळला तर हो, डावा उजळला तर नाही. ही माय देव आहे की कुणी बनवलेलं यंत्र, यावरून आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर रोज डोकी फुटायची.

ललित मला दृश्यांचे फोटो पाठवायचा, लाल गोल काढून. “बघ, दिवा लागतो तेव्हा तो इंजिनीअर कायम खांबाजवळ असतो. हात कुठाय त्याचा? दिसत नाय!” मी उलट उत्तर द्यायची, की ज्यांनी स्वतःपुरतं मागितलं त्यांना कायम ‘नाही’च मिळालंय, आणि एवढं मशीनला कसं कळेल?

“हा तर आमचा कौल आहे,” मी एकदा नाक्यावरच्या टपरीवर चहा पिताना म्हटलं.

“कौल?”

“आमच्या पानवेलीच्या वाडीत देवी आहे. शेंदूर लावलेली शिळा. काही ठरवायचं असलं की बाबा तिच्या दोन्ही खांद्यांवर चाफ्याची एकेक पाकळी लावतात, नुसत्या पाण्यावर. प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि गप्प बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळी पडेपर्यंत कुणी जेवायचं नाही.”

मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. कप फिरवत म्हणाला, “माझी आई दर्याला नारळ देते. मला इचारशील तर दर्या म्हणजे खारं पाणी, बाकी काय नाय. पण नारळ दिल्याशिवाय भाऊ होडी काढायला लागला ना, तर मीच त्याला अडवीन.”

“म्हणजे मानतोस!”

“नाय. घाबरतो.” मग माझ्याकडे बघून, हळूच, “तुझ्याशी बोलताना पण घाबरतो. म्हणजे तू देवी झालीस का?”

मी चहाचा घोट घेतला. चहा संपलेला होता. रिकाम्या कपातून घोट घेताना त्यानं मला पाहिलंही, पण बोलला नाही. तेवढा तो चांगला होता.

दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग आम्ही फोनवर बोलत, आपापल्या घरी पाहिला. समोर निळा ग्रह. उतरायचं की नाही? कप्तान गाभाऱ्यात जाते, प्रश्न विचारते... आणि दोन्ही दिवे तसेच राहतात. मंद. माय काही बोलेना. पर्व तिथंच संपलं आणि ग्रुपवर हाहाकार उडाला.

“कुणीतरी वायर ओढलीय,” ललित म्हणाला. “यानावरच्याच माणसानं. त्याला उत्तर ऐकायचंच नव्हतं.”

“नाही रे. ती वाट बघतेय. तुम्हाला काय हवंय ते आधी तुम्ही बोला, म्हणतेय.”

“मग बोल ना,” तो म्हणाला. आवाज एकदम वेगळा. मी घाईघाईनं ग्रहाबद्दल काहीतरी बडबडले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मुरब्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगांमधून चालताना त्यानं सरळच विचारलं. “लग्न करशील माझ्याशी? आईला सांगितलंय. ती म्हणते, वाडीवाल्यांची पोर हाय, मासे साफ करील का? मी म्हटलं, मी करीन.”

मी समुद्राकडेच बघत राहिले. हो म्हणायचं होतं. खरंच होतं. पण मला कुठलीही गोष्ट खूण मिळाल्याशिवाय करताच येत नाही. एखादा पक्षी उडावा, घंटा वाजावी... काहीच झालं नाही. फक्त वारा, आणि बोंबलांचा वास.

“बाबांना विचारते,” मी म्हटलं.

“आणि तुला?”

मी जायला वळले आणि माझी ओढणी बोंबलांच्या काठीत अडकली. त्याचा चेहरा थोडा उतरला, पण त्यानं माझी ओढणी काठीतून अलगद सोडवून दिली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. शांताराम म्हणजे माझे बाबा, पानवेलीच्या मळ्यात सकाळपासून वाकलेले असतात, आणि आई गेल्यापासून बोलणं त्यांनी जवळजवळ वेलींपुरतंच ठेवलंय. मी एकुलती एक.

“पोरगा बरा वाटतो,” ते म्हणाले. “पण आपल्या घरात देवीला इचारल्याशिवाय विहीर नाय खणली आमी. पोरगी कशी देऊ? मंगळवारी कौल लावू. त्याला पण बोलाव. काय होईल ते त्याच्यासमोर होऊ दे.”

“आणि डावी पडली तर?”

“मंग नाय,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा वेलींकडे गेले.

माझी झोप उडाली. ललितला सांगितलं तेव्हा त्याच्यातला मापं तपासणारा माणूस जागा झाला. “पाकळीच आहे ना? ओली असली की चिकटून राहते, सुकली की पडते. उजवीकडची तू आधी जराशी सुकवून ठेव. झालं काम.”

“ललित! ती देवी आहे. तुझा प्रेशर गेज नाही.”

“पण मला तू हवीयेस, भाविका. चाफ्याच्या पाकळीवर मी तुला सोडून देऊ?”

“फसवून मिळालेला ‘हो’ मला नकोय!” मी ओरडले आणि फोन कापला. खूप राग आला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, मोहही झाला होता. अंगणातला चाफा मला त्या रात्री खिडकीतून सारखा दिसत होता.

त्यानंतर त्याचा मेसेज नाही. लाल गोल काढलेला फोटो नाही. ग्रुपवरही तो गप्प. मी कारणं रचत बसले: चिडला. आईनं नको म्हटलं. दुसरी कुणीतरी भेटली, जिच्या वाडीत देवी नाही.

मंगळवारी सकाळी तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले केस, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. माझ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. त्या एका बघण्यात ‘माफ कर’ही होतं आणि ‘मी घाबरलोय’ही. मला धावत जाऊन त्याचा हात धरावासा वाटला. मी तांब्या धरून उभी राहिले.

पुष्पलता आत्या, बाबांची मोठी बहीण, पदर खोचून देवीच्या छोट्या देवळीसमोर बसली. बाबा आत गेले, आमच्याकडे पाठ करून पाकळ्या लावल्या, बाजूला झाले. आणि मोठ्यानं म्हणाले, “आई, मुरब्याचा पोर ललित माझ्या भाविकाला मागतो. देऊ का? तुझ्या मनात काय असेल ते सांग.”

मग सगळे गप्प.

नारळाच्या झावळ्यांचा आवाज. लांब कुठंतरी पंप. माझे डोळे एकदा डाव्या पाकळीवर, एकदा उजव्या. वाऱ्याची झुळूक आली की मी पुढे वाकायची. डावीचं टोक हललं असं वाटलं... नाही, सावली होती. ऊन देवळीच्या पायरीवर आलं, पायरीवरून आत सरकलं. आत्याच्या पोटात गुरगुरलं, तिनं त्याला दटावलं. ललित विहिरीपाशी उभा होता, उन्हात. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं आणि त्यानं मागितलंही नव्हतं.

दुपार झाली. पाकळ्यांच्या कडा वळल्या, तपकिरी झाल्या. पडेनात.

“असं कधी नाय झालं,” आत्या पुटपुटली. “आईच्या मनात काय हाय कुणास ठाऊक.”

दिव्यात तेल घालायला म्हणून मी पुढे झाले. आणि जवळून पाहिलं. पाकळ्यांखाली पाण्याचा ओघळ नव्हताच. होतं गंध. जाड, घट्ट, भिंतीला लिंपावं तसं, आणि आता कडक वाळलेलं. दोन्हीकडे.

माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली.

“बाबा... हे गंध कुणी लावलं?”

बाबांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

“मी.”

“शांताराम!” आत्या उठलीच. “अरे, देवीला येडी समजलास काय तू?”

“का बाबा?”

ते शिळेकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही. “डावी पडली असती तर तू रडली असतीस. माझ्यासमोर नाय, तिकडं विहिरीमागं जाऊन. तुझी आई पण तशीच करायची. आणि उजवी पडली असती तर...” त्यांनी पंच्याचं टोक मुठीत धरलं. “तर मी गेलो असतो विहिरीमागं. मला काय पडायलाच नको होतं, पोरी.”

इतके दिवस मी माझ्याच भीतीत इतकी गुंतले होते, की घरात आणखी एक माणूस घाबरलेलं आहे हे माझ्या कुठल्याच कारणात बसलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. गंधानं बोटं पिवळी झालेली.

“काका,” मागून आवाज आला. ललित देवळीच्या पायरीपर्यंत आला होता. ऊन लागून चेहरा लाल. “परत लावा. पाण्यावर.”

मी चमकून पाहिलं.

“आणि डावी पडली तर?” बाबांनी विचारलं.

“तर उद्या परत येतो. परवा पण येतो. कंटाळा येईस्तोवर येतो.”

“कुणाला? देवीला?”

“देवीला, तुमाला... दोघांना पण.”

आत्या फिसकन हसली. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी अंगठ्यानं दोन्ही पाकळ्या खरवडून काढल्या, पाण्यानं देवीचे खांदे धुतले, पंच्यानं टिपले. ताज्या पाकळ्या हातात घेतल्या आणि माझ्याकडे वळले. “तू सांग. लावू?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सवयीनं आजूबाजूला पाहिलं, एखादी खूण दिसतेय का. झावळी हलत नव्हती. पंपही बंद झाला होता. मला त्या क्षणी वाटली तेवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. उजवी पडली तर त्यात माझं काय, आणि डावी पडली तर मी ऐकणार आहे का? नव्हते ऐकणार. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

“नको,” मी म्हटलं.

मी देवीसमोर बसले. मोठ्यानंच बोलले, कारण तिच्याशी मोठ्यानंच बोलायचं असतं.

“आई, विचारायला नाही, सांगायला आलेय. मी ललितशी लग्न करणार आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे, फार दिवसांपासून आहे. मी मुरब्याला जाईन आणि इथं सारखी येईन, इतकी की बाबाच मला हाकलतील. तो तुला मानत नाही म्हणून रागावू नकोस. तो घाबरतो, तेवढं पुरे आहे.”

बाबांनी पाकळ्या देवीच्या पायाशी ठेवल्या. नुसत्याच.

“चला, पानं घ्या,” आत्या डोळे टिपत म्हणाली. “जीव चाललाय भुकेनं. ए पोरा, आत ये, उन्हात काय उभा हायस?”

ललित आत आला, पण जागच्या जागीच थांबला. कान लालबुंद.

“फार दिवसांपासून?” त्यानं हळूच विचारलं. “मला कधी सांगणार होतीस?”

“सांगितलं की आत्ता.”

“देवीला सांगितलंस.”

ते मात्र खरं होतं. मग मी उठले, त्याच्याकडे तोंड केलं, आणि बाबा, आत्या, सगळ्यांच्या देखत पुन्हा एकदा सांगितलं.