लाल पट्टीची बॅटरी

मी भुताखेताच्या गोष्टी सांगणारा माणूस नाही. कोणी सुरू केल्या तर मी उठून जायचो. त्यामुळे हे खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, मला कोणाचं प्रमाणपत्र नको.

आणि हो, रात्र-बित्र नव्हती. भर दुपार होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

इमारत कुठली ते सांगणार नाही. सांगितलं तर कोणीतरी बघायला जाईल. आणि बघायला गेलेला माणूस बटण दाबतोच.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. या धंद्यात मला दाजींनी आणलं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. "रिकामा मेव्हणा घरात बसला की साखरेचा डबा लवकर संपतो," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पाना दिला, तो कायमचाच. तेव्हापासून आम्ही जोडीनेच काम करायचो.

आमच्या कामातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. लिफ्ट जिथे सगळ्यात खाली थांबते, त्याच्याही खाली एक खड्डा असतो. माणूस छातीपर्यंत बुडेल एवढा खोल. खड्ड्याच्या मधोमध जाडजूड स्प्रिंगा असतात. काम करताना एक जण खड्ड्यात उतरतो आणि दुसरा लिफ्टच्या टपावर उभा राहतो. टपावर बटणं असतात. ती दाबून धरली की लिफ्ट हळूहळू वर-खाली जाते. खड्ड्यात लिफ्ट बंद करायचा लाल स्विच असतो, पण जुन्या इमारतीत तो गंजून गेलेला. ओरडावं तर आवाज घुमतो. फोनला रेंज नसते.

म्हणून आमचा नियम एकच.

खाली दिवा आहे, तोवर खाली माणूस आहे.

बॅटरी चालू करून उतरायचं. काम झालं की बॅटरी घेऊन बाहेर यायचं, खड्ड्यावरचं दार लावायचं, मग ती बंद करायची आणि दारावर दोनदा ठोकायचं. टपावरचा माणूस लिफ्ट आणि भिंतीमधल्या फटीतून खाली बघतो. उजेड गेला, दोन ठोके आले, की लिफ्ट खाली.

तर दाजींची जुनी बॅटरी पाण्यात पडून मेली. नवी घ्यायला आम्ही हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दाजी एक नंबरचे चिकट.

"रोजच्या वापराला पाहिजे," दाजी म्हणाले. "स्वस्तातली दाखवा. खड्ड्यात आपटणार, तेलात लोळणार. तिचे लाड कोण करणार?"

दुकानदाराने एक चकचकीत बॅटरी काढली. "ही बघा. एकाच बटणात पाच तऱ्हेचे उजेड. हा मोठा, हा बारीक, हा लुकलुकणारा…"

"मला खड्ड्यात नाचायचं नाहीये हो."

दुसरी बॅटरी मी हातात घेतली आणि हलकेच काउंटरवर आपटली. फट् करून विझली. तशीच परत ठेवून दिली. तिसरीचा उजेड लांब जात होता, पण सुतासारखा बारीक. चौथी चार्जिंगची. दाजी म्हणाले, "माझंच मला आठवत नाही, तिला कोण चार्ज करणार?"

मग दुकानदाराने खालच्या खणातून एक काळी, बुटकी बॅटरी काढली. साधे सेल. पसरट उजेड. अंगावर खाचा होत्या, म्हणजे घरंगळणार नाही. आणि पुढे-मागे सरकवायचा एकच खटका. तो एवढा घट्ट होता की दुकानदाराला दोन्ही अंगठे लावावे लागले.

"हा जरा जड जातो," तो म्हणाला. "पण चुकून कधी बंद होणार नाही."

"ही घ्या दाजी," मी म्हणालो. "हीच आपल्या कामाची."

आम्ही एकसारख्या दोन घेतल्या. अदलाबदल नको म्हणून माझ्या बॅटरीला मी लाल चिकटपट्टी गुंडाळली. दाजी हसले. "गोंडा पण लाव."

त्यांचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

दुपारी कामावर गेलो. लिफ्ट बरेच दिवस बंद होती. मॅनेजर म्हणाला, आधीचा मेकॅनिक काम अर्धवट टाकून गेला.

"कुठे गेला?" दाजींनी विचारलं.

मॅनेजरने किल्ली दिली आणि फोन कानाला लावून निघून गेला. वॉचमन तिथेच होता. त्याने खड्ड्यावरचं दार उघडून दिलं आणि स्वतः चार पावलं मागे सरकला.

दाजी बॅटरी चालू करून खड्ड्यात उतरले. मी टपावर चढलो. फटीतून खाली पिवळसर उजेड दिसत होता. ठोकाठोकीचा आवाज येत होता. दाजींचं गुणगुणणं येत होतं.

मग गुणगुणणं थांबलं.

ठोकाठोकीही थांबली.

मी खाली बघितलं… उजेड गेला.

मी वाट बघितली. दाजी बाहेर येऊन दार लावत असतील.

ठक्… ठक्.

दोन ठोके. स्पष्ट.

मी बटण दाबलं. लिफ्ट घरघरत खाली निघाली. एक मजला गेला, दुसरा गेला, अगदी शेवटचा टप्पा आला…

आणि पायाखालून किंकाळी आली.

माझा अंगठा आपोआप सुटला. लिफ्ट थांबली. खालून दाजी ओरडत होते. "वर घे! अरे वर घे! हात, हात!"

मी लिफ्ट वर घेतली, कसाबसा टपावरून उतरलो आणि जिने उतरून खड्ड्याच्या दाराशी आलो. दार उघडंच होतं. म्हणजे बंद दारावर कोणी ठोकलंच नव्हतं.

मी माझी लाल पट्टीची बॅटरी चालू केली आणि खाली उडी टाकली.

स्प्रिंग आणि लिफ्टच्या मध्ये सापडून दाजींचा डावा हात कोपराखाली चेचला होता. हाड बाहेर आलं होतं. पण ते हाताकडे बघतही नव्हते. ते भिंतीला पाठ लावून उभे होते… आणि त्यांचं डोकं मागे ओढलं जात होतं. कपाळावरचे केस ताठ उभे राहिले होते. कोणीतरी मुठीत धरल्यासारखे.

तिथे कोणी नव्हतं. मी उजेड मारून बघितलं. कोणीच नव्हतं.

धाड्.

दाजींचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त माझ्या तोंडावर उडालं.

मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरला आणि ओढलं. माझ्या मनगटावर कशाचा तरी असा तडाखा बसला की बोटं सुन्न झाली. बॅटरी उडाली, कोपऱ्यात जाऊन पडली. चालूच होती. मी शिव्या देत ओढत राहिलो. तिकडूनही कोणीतरी ओढत होतं. दाजींचा खांदा कट् करून निखळला. माझ्या पोटरीत दात घुसले. हो, दातच. डॉक्टरांनी नंतर कुत्रा चावल्याच्या सुया दिल्या.

वॉचमनने वरून हात दिला, म्हणून आम्ही बाहेर पडलो. दार लावण्याआधी मी एकदाच मागे वळून बघितलं.

कोपऱ्यात माझी बॅटरी जळत होती.

आणि मधल्या स्प्रिंगवर, नीट उभी करून ठेवलेली, दाजींची बॅटरी… तीसुद्धा चालू होती.

दवाखान्याच्या गाडीत दाजी फक्त एवढंच बोलले. "मी बंद नाही केली रे. माझ्या अंगठ्यावर दुसरा अंगठा होता."

हाताला प्लास्टर, डोक्याला टाके. जीव वाचला म्हणून ताईने मला मिठी मारली आणि त्याच मिठीत पाठीत धपाटे घातले. "माझा माणूस असा का आणलास रे?" मला रडू फुटलं, तेवढंच.

दाजी घरी आले, पण बोलेनात. दिवसभर वर, छताकडे बघत पडायचे. मध्येच विचारायचे, "खाली दिवा चालू आहे का?"

मी वॉचमनला फोन करायचो. तो म्हणायचा, "आहे. दोन्ही."

"मग मी वर आलोच कुठे?" दाजी म्हणायचे. "लिफ्ट चालवू देऊ नकोस कोणाला. मी खालीच आहे."

ताईला वाटायचं, डोक्याला मार लागलाय. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. तरी मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, मला एकदा खाली जाऊ द्या, बॅटऱ्या काढतो, मग काय ते करा.

"तुमच्या त्या स्वस्तातल्या बॅटऱ्यांसाठी मी लिफ्ट बंद ठेवू?" तो म्हणाला. "तुम्ही पुन्हा पडाल, आणि निस्तरायचं मी!" त्याने मला इमारतीबाहेर काढलं. आधीच्या मेकॅनिकचं काय झालं होतं, ते तेव्हा वॉचमनने फाटकापाशी सांगितलं. तो माणूस खड्ड्यात असताना त्याची बॅटरी विझली होती. वरच्या जोडीदाराने नियमाप्रमाणे लिफ्ट खाली आणली.

त्यानंतर एका सकाळी मी दाजींच्या उशाशी बसून त्यांना चहा पाजत होतो. ताई औषधाच्या गोळ्या काढत होती. वॉचमनचा फोन आला.

"दुसरे मेकॅनिक आलेत. खड्ड्यात माणूस नाही, एवढं बघून घेतलं त्यांनी. लिफ्ट खाली घेताहेत."

"थांबवा त्यांना! बटण सोडायला सांगा!"

तो ओरडला. मला फोनमधून त्याचं ओरडणं ऐकू आलं. आणि त्यामागे… ती घरघर.

लिफ्ट खाली येत होती.

दाजींनी माझ्याकडे बघितलं. "आली," ते म्हणाले.

त्यांची छाती दबायला लागली. वरून काहीच नव्हतं. नुसती चादर. ताईने गोळ्या टाकल्या आणि दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवले, आणि तिच्या हातांखाली छाती खाली, खाली जात राहिली. बरगड्या एकेक करून मोडल्या. मी ते आवाज ऐकले आहेत. पलंगाची फळी तडकली. दाजींच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली आणि ताईचा पदर भिजला. ती हवेत बुक्के मारत होती. "सोड! सोड त्यांना!" कोणाला म्हणत होती, तिलाही ठाऊक नव्हतं.

फोनमध्ये घरघर थांबली.

दाजीही थांबले.

नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अंगावरून काय गेलं यांच्या?" गादीवर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून काय जाणार?

पण त्या क्षणी फोन चालूच होता. पलीकडून वॉचमन बोलत होता. "स्प्रिंगवरची बॅटरी चिरडली हो. दुसरी कोपऱ्यात आहे. लाल पट्टीवाली. तिला काही झालेलं नाही. चालू आहे."

ती माझी.

एका मेकॅनिकने ती काढायला हात घातला, तर त्याची दोन बोटं उलटी वळून मोडली. ते लोक काम टाकून पळाले. पण लिफ्ट सुरू झाली होती. आता ती रोज चालते. माणसं चढतात, उतरतात. ती तळाशी आली की माझ्या छातीवर दाब येतो. जेवताना येतो, रस्त्यात चालताना येतो. कोपऱ्यात असल्यामुळे मी वाचतोय. तिथपर्यंत लिफ्ट पोचत नाही, स्प्रिंगा तिला अडवतात. पण स्प्रिंगा जुन्या आहेत. मीच बघितल्या आहेत.

काल वॉचमन म्हणाला, "उजेड मंद झालाय."

साधे सेल. ते संपणारच. आजवर टिकले, हेच नवल. पण दिवा विझला की खालच्या माणसाचं काय होतं, ते मी एकदा वॉचमनकडून ऐकलंय, एकदा दाजींच्या किंकाळीत.

म्हणून ठरवलं. नियमाने खाली गेलेला माणूस नियमानेच वर येईल. उद्या दुपारी मॅनेजर नसताना वॉचमन आम्हाला आत घेणार आहे. मी खाली उतरणार, माझी बॅटरी उचलणार, बाहेर येणार, दार लावणार, मग ती बंद करणार आणि दोनदा ठोकणार.

पण अंधारात उतरायला बॅटरी लागते. आज त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखलं.

"मोठे साहेब नाही आले? कशाला हवी? रोजच्या वापराला ना?"

मी मान हलवली. त्याने पुढे काही न विचारता खालच्या खणातून तीच काळी, बुटकी बॅटरी काढली. ती घेऊन आलो. समोर टेबलावर आहे.

टपावर ताई उभी राहणार आहे. लिफ्ट टपावरच्या बटणांवर घेतली की मजल्यांवरून ती कोणाला हलवता येत नाही, म्हणून. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "त्यांना परक्या मेकॅनिकांच्या हाती सोडलं. तुला नाही सोडणार."

मघाशी तिला बटणं समजावून सांगितली. म्हटलं, "ताई, उजेड गेला तरी बटण दाबायचं नाही. ठोके आले तरी दाबायचं नाही. मी समोर येऊन उभा राहीन, माझं तोंड दिसेल, तेव्हाच."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग नवी बॅटरी हातात घेतली, दोन्ही अंगठ्यांनी तिचा खटका सरकवून बघितला.

"आणि तू समोर येऊन उभा राहिलास," ती म्हणाली, "आणि खाली दिवा तसाच चालू असला… तर?"

मी तिच्या हातातून बॅटरी घेतली आणि दोन्ही अंगठे लावून बंद केली.