वजा एकची दुरुस्ती

दुसरा शनिवार होता. राघवच्या बँकेला सुट्टी, आणि हिंदी मुलखातल्या त्यांच्या शहरात, सिटी सेंटर भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून कूलर घरघरत होता. सीमंतिनी मात्र कॉम्प्युटरला चिकटून बसली होती. बसणार नाही तर काय करेल बिचारी! सहा वर्षांपूर्वी तिने ‘हजर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहून जगाला फुकट वाटला होता. काळ्या पडद्यावर ‘हजर’ टाइप केलं की त्या मशीनवर या क्षणी कोण कोण लॉग-इन आहे त्यांची नावं येत, आणि खाली एकूण आकडा. बस, एवढंच. पण कुठल्या कुठल्या देशांतले लोक तो वापरत, आणि काही बिघडलं की तिच्याच नावाने खडे फोडत.

या आठवड्यात अकरा जणांची एकच तक्रार आली होती. आकडा एकाने जास्त येतो.

तिने घरच्याच कॉम्प्युटरवर पाहिलं. त्यावर चौघांची खाती होती आणि ती कायम उघडीच असत. तिचं, राघवचं, कीर्तनं ऐकायला सासूबाईंचं म्हणजे शालिनीताईंचं, आणि पाचवीतल्या अंतराचं. नावं आली चार. खाली आकडा आला पाच.

तीन दिवस तिने ओळ न् ओळ वाचली. चूक सापडेना. कारण कळल्याशिवाय दुरुस्ती करायची नाही, हे नव्या लोकांना तीच तर दटावून सांगायची. पण पोर्तुगालमधल्या एका माणसाची सहावी मेल आली आणि तिचं डोकं फिरलं.

“मरो तो पाचवा!” ती म्हणाली आणि शेवटच्या ओळीत एकूण आकड्यातून सरळ एक वजा करून टाकला. टीप लिहिली, ‘आकडा जास्त येण्याची चूक दुरुस्त.’ साडेअकराला नवी आवृत्ती सगळीकडे गेली. घरच्या कॉम्प्युटरने ती लगेच घेतली. चार नावं, आकडा चार. तिला हायसं वाटलं.

तासाभराने पोर्तुगालहून उत्तर आलं. “आभारी आहे. आता बरोबर येतं. आमच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी आहे. ती कोणाची, ते कोणालाच आठवत नाही.”

काय एकेक विक्षिप्त माणसं असतात, असं म्हणून तिने मेल बंद केली.

दोन वाजता शालिनीताईंनी हाक मारली. “सीमंतिनी, चल गं, सब्जी थंड होतेय.”

टेबलावर तीन ताटं होती.

“आई, अंतराचं ताट? येईलच ती आता शाळेतून.”

“कोणाचं?” वाढता वाढता शालिनीताईंनी विचारलं.

सीमंतिनी हसली. सासूबाईंना चेष्टेची सवय आहे, हे तिला ठाऊक होतं. पण शालिनीताई हसल्या नाहीत. त्या पळी धरून तशाच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा प्रश्न होता.

“राघव, सांग ना यांना.”

राघवने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. “अगं, कोण येणारे? मला बोलली नाहीस. मेहमान असेल तर दही मागवतो.”

ती अंतराच्या खोलीत धावली. तिथे इस्त्रीचं टेबल होतं, गहू भरलेली कोठी होती आणि कोठीच्या झाकणावर जुनी धूळ होती. तिने शाळेच्या व्हॅनवाल्याला फोन लावला.

“मॅडम, आपके यहाँ से तो कोई बच्चा आता ही नहीं,” तो नम्रपणे म्हणाला. “नई सवारी लगानी है क्या?”

फोनमध्ये अंतराचा एकही फोटो नव्हता. दहा वर्षांत एकही नाही. माझी पोर, माझी पोर, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. ती कॉम्प्युटरपाशी पोचली आणि तिने ‘हजर’ टाइप केलं.

नावं तीन. आकडा तीन.

मेळ अगदी चोख बसला होता. तेव्हा तिला कळलं. प्रोग्राम कधी चुकतच नव्हता. या घरात पाच जण होते. तिने एक वजा केला होता, पण कोणाला वजा करायचं ते सांगितलंच नव्हतं.

“बरी आहेस ना?” मागून राघवने विचारलं.

तिने कीबोर्ड पुढे ओढला. नवी आवृत्ती मागे घेतली. जुनी परत पाठवली. घरच्या कॉम्प्युटरवर पट्टी हळूहळू भरत गेली.

नावं चार.

आकडा पाच.

दाराची बेल वाजली.

दारात अंतरा होती. घामाघूम, दप्तर एका खांद्यावर. “मम्मी, कितनी देर लगाती हो!” सीमंतिनीने तिला असं काही कवटाळलं की पोर कळवळली. तिच्या केसांना उन्हाचा वास होता. सीमंतिनी ढसाढसा रडली.

“मम्मी, सोड ना. दार लावू नकोस. ती येतेय.”

“कोण?”

अंतराला प्रश्नच कळला नाही.

जिन्यात पावलं वाजत होती. लहान, सावकाश. उंबऱ्याबाहेर भिंतीआड येऊन ती थांबली.

सीमंतिनीचा हात कडीवर होता. दार लावता आलं असतं. पुन्हा एक वजाही करता आला असता. पण या वेळी कोण जाईल?

तिने कडीवरचा हात काढला.

“ये,” ती म्हणाली.

आणि स्वयंपाकघरातून शालिनीताईंचा नेहमीचा आवाज आला, “आल्या का गं दोघी? आधी हात-पाय धुवा म्हणावं.”