काथ्यातली ऊब

खिळेमामांच्या तोंडात खिळे असले की त्यांना काही विचारायचं नाही. विचारलं तरी उत्तर म्हणून नुसतं "हंऽ" यायचं. सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायचं त्यांचं काम. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं कापड ताणलेलं, मग खिळे ठेवणार कुठे? तोंडात. जिभेनं एकेक पुढे ढकलायचा, ओठांतून काढायचा, ठोकायचा. म्हणून सगळ्या गल्लीचे ते खिळेमामा, आणि दुकानातच शिलाई मशीनवर बसणारी त्यांची बायको ओघानंच सगळ्यांची मामी.

एका सकाळी मामांनी शटर वर केलं आणि पायाला बुटाचं खोकं लागलं. टाकला वाटतं कुणीतरी कचरा, म्हणून लाथेनं सरकवणार, तर खोकं हललं.

आत मांजराचं पिल्लू. राखाडी, मुठीत मावेल एवढं, डोळेसुद्धा न उघडलेलं.

"झालं! एवढंच राहिलं होतं," मामा खेकसले. "दुकान टाकलंय की अनाथाश्रम?"

"खेकसून झालं असेल तर आत आणा त्याला," मामी म्हणाली. "बर्फ झालंय नुसतं."

मग काय धांदल! मामीनं दूध कोमट केलं, पाणी घातलं, कापसाची वात भिजवून तोंडाला लावली. पिल्लानं तोंड फिरवलं. ड्रॉपर आणला, तरी तेच. शेजारचा काचवाला हातातली काच तशीच ठेवून धावत आला.

"मामा, तुम्ही जरा लांब उभे राहा. मिशा बघून घाबरलंय ते."

"अरे, डोळे मिटलेत त्याचे! आणि तू तरी काय मोठा राजबिंडा?"

जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "ऊब द्या, आणि काही करून दूध पोटात जाऊ द्या. नाहीच प्यायलं तर संध्याकाळपर्यंत..." पुढचं त्यानं गिळलं. मामांनी फोन ठेवला. खेकसणं बंद झालं होतं.

दुकानाच्या मधोमध एक जुना तिघांचा सोफा होता. चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंनी तो जुन्या सामानाच्या लिलावातून उचलून आणला होता. मामांनी त्याचं फाटकं कापड आदल्या दिवशीच सोलून काढलं होतं. आत फोमबिम नाही. खाली पट्टे, वर स्प्रिंगा, त्यावर किंतानाचं जाडंभरडं कापड आणि हाताने पिंजून भरलेला काथ्या. अस्सल जुनं काम. त्यावर फडकं टाकून मामांनी पिल्लू ठेवलं आणि पिशवीत गरम पाणी भरायला वळले.

परत येऊन बघतात तर फडकं मोकळं!

बैठक आणि पाठ यांच्यामध्ये जी फट असते ना, तिच्यात शेपटाचं टोक दिसलं आणि नाहीसं झालं.

"अगं, आत गेलं!" मामांनी कोपरापर्यंत हात घातला. या फटीत त्यांनी जन्मभर हात घातलेले. कंगवे, पेनांची टोपणं, एकदा तर कुणाची कवळी निघाली होती. पण आज हात घातला आणि ते थबकले. आत गरम होतं. उन्हात तापतं तसं नव्हे. पांघरुणात कुणी झोपलेलं असताना लागतं तसं.

पिल्लू हाताला लागलं. बाहेर काढलं. पोट टम्म! मिशांवर दूध!

"अहो, हे प्यायलंय!" मामी ओरडलीच. "आत मांजरी आहे! याची आई आत आहे!"

काचवाल्यानं आणि मामांनी मिळून सोफा उताणा केला. खालचं कापड टराटरा फाडलं. पट्टे, स्प्रिंगा, किंतान, काथ्या. मांजरी सोडा, मांजरीचा केससुद्धा नाही. मामांनी बोटानं काथ्या चाचपला. कोरडा. पण गरम.

"मामा," काचवाला हळू आवाजात म्हणाला, "हे काय आहे?"

"मला काय विचारतोस? मी फक्त कापड चढवतो."

दुपारी पिल्लू पुन्हा रडायला लागलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मामीनंच धीर केला, सोफा सरळ करायला लावला आणि पिल्लू फटीपाशी धरलं. ते सरसर आत गेलं. मग ऐकू यायला लागलं, चुट् चुट् चुट्. त्याच्या मागे एक बारीक घरघर. मामीला वाटलं, मशीन चालू राहिली. वळून बघते तर मशीनचं बटण बंद.

घाबरायला हवं होतं, खरं आहे. पण पिल्लू जगत होतं हो! रोज वजन भरत होतं, डोळे उघडले, निळे निघाले. ते पहिल्यांदा चार पायांवर उभं राहून धाडकन पडलं, तेव्हा काचवाल्यानं टाळ्या पिटल्या. मामा हातोडी मारताना गायला लागले, तेही खिळे तोंडात धरून. मामी म्हणाली, "गिळाल एखादा, मग गाणं पोटातून ऐकू येईल." सोफ्याला काय म्हणायचं हे कुणी ठरवलं नाही, पण बोलताना तिघंही आपोआप "ती" म्हणायला लागले.

चष्मेवाल्या बाई येऊन गेल्या.

"मामा, माझा सोफा?"

"हंऽ," मामा म्हणाले.

"ते खिळे काढून बोला बघू."

"कापड यायचंय, बाई," मामा खोटं बोलले. गठ्ठा त्यांच्या मागेच होता. पिल्लू अजून बशीला तोंड लावत नव्हतं, आणि सोफा गेला तर पिल्लूही गेलं.

पण एक गोष्ट मामांच्या नजरेतून सुटेना. ती उतरत होती. बैठक दिवसागणिक खाली जात होती. पट्टे सैल पडले, काथ्या विरला, स्प्रिंगांचे उंचवटे वर दिसायला लागले, बरगड्या दिसतात तसे. जसं पिल्लू भरत होतं, तशी ती रिकामी होत होती.

"बाळंतीण आहे," मामी म्हणाली. "तिला कोण घालतंय खायला?"

मामांना पटलं. पण कापड चढवणारा माणूस खायला घालणार काय? नवे पट्टे ताणले, स्प्रिंगा आवळून बांधल्या, ठेवणीतला चांगला काथ्या पिंजून ओंजळी-ओंजळीनं भरला. भरता भरता घरघर वाढत गेली. हाताखालची बैठक जरा फुगली, जरा बसली. मामा खुशीत येऊन म्हणाले, "खा, बये, पोटभर खा."

आणि मग तो दिवस उजाडला. मामीनं सवयीनं बशी पुढे केली, पिल्लानं वास घेतला, शिंकलं, आणि लपालपा प्यायला लागलं! बशी चाटून पुसून साफ! मामी रडायलाच लागली. काचवाला गल्लीभर सांगत सुटला. मामांनी बाईंना फोन केला, "या संध्याकाळी. तयार आहे."

दुपारभर मामा भराभर कामाला लागले. पिल्लू वाचलं होतं, हात हलके झाले होते. कापड चढलं, सोफ्याचे हात मढवले, पाठ मढवली. चांगल्या कामाला बैठकीची फट उघडी ठेवत नाहीत. वाकडी सुई घेऊन आतून टाके घालून मिटवतात. हात चालत राहिले, डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. शेवटच्या टाक्याला गाठ मारली, दोरा तोडला.

"म्याँव."

आतून.

मामांच्या तोंडातले खिळे खाली सांडले. पिल्लू! आत शिरलं होतं, आणि आपण वर टाके घातले!

कात्री सापडेना. दातांनीच दोरा तोडला. टाके उसवले, कापड फाटलं तर फाटलं. हात खांद्यापर्यंत आत.

गरम. ओलसर. मग बोटाला एक इवलंसं डोकं लागलं. इवल्याशा तोंडानं बोट पकडलं, आणि चोखायला लागलं.

"सापडलं!" मामा आनंदानं ओरडले. "अगं, सापडलं!"

"काय सापडलं?"

मामी मोरीच्या दारात उभी होती. तिच्या खांद्यावर पिल्लू झोपलेलं.

मामांनी पिल्लाकडे पाहिलं.

बोट अजून चोखलं जात होतं.

मग दुसरं बोटही कुणीतरी तोंडात घेतलं. मग तिसरं.

"अहो, काय झालं? काढा की हात."

मामांनी हात ओढला. आला नाही. दुखत मात्र नव्हतं. उलट बरं वाटत होतं, फार बरं. घरघर आता जमिनीतून पायांना लागत होती.

मनगटापासून कोपरापर्यंत, सावकाश, एक खरखरीत जीभ फिरली. उशीएवढी रुंद.

मग आतून दंड धरला गेला. अगदी हलक्या हातानं, अंघोळीच्या वेळी पोर हलू नये म्हणून आई धरते तसा.